चालत नाही म्हणण्याचा हक्क

किराणा दुकानाच्या काउंटरवर ठेवलेली पन्नासची नोट दुकानदार दोन बोटांनी उचलतो, उजेडाकडे धरतो. मधल्या घडीवर मागून लावलेली सेलोटेप त्याला दिसते आणि तो नोट परत सरकवतो. “मावशी, दुसरी द्या. ही चालत नाही.” मावशींकडे दुसरी असतेच असं नाही. दहाच्या नाण्याची गोष्ट तर याहून चमत्कारिक. ते फाटत नाही, भिजत नाही, त्याला घडी पडत नाही, तरी महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या बाजारात ‘ते बंद झालंय’ असं सांगून हातात परत दिलं जातं. कोणी म्हणतो रुपयाचं चिन्ह असलेलंच खरं, कोणी त्यावरच्या रेघा मोजतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघाले आहेत, चिन्हाचे आणि बिनचिन्हाचे, आणि सगळे वैध आहेत. पत्रक निघालं, अफवा राहिली. या नकाराकडे आपण सहसा गैरसोय म्हणून पाहतो, फार झालं तर ग्राहकाच्या हक्काची तक्रार म्हणून. माझ्या मते तो नीतीचा प्रश्न आहे, आणि उलगडत गेलं तर त्याच्या तळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना वादही सापडतो: वस्तूचं मोल तिच्या देहात असतं की तिच्याबद्दल दिलेल्या शब्दात, आणि तो शब्द पाळायची जबाबदारी फक्त देणाऱ्याची, की त्या शब्दावर रोजचा व्यवहार करणाऱ्या सगळ्यांची?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहून घेऊ, म्हणजे कायद्याने सुटेल तेवढा भाग बाजूला पडेल. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या 26 व्या कलमाने बँकेची प्रत्येक नोट भारतात कुठेही, तिच्यावर छापलेल्या रकमेपुरती, वैध चलन ठरते आणि केंद्र सरकार तिची हमी घेतं. नाण्यांसाठी 2011 चा नाणे कायदा आहे. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी 1000 रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैशांची 10 रुपयांपर्यंत. म्हणजे लाखाची गाडी घ्यायला कोणी पोतंभर नाणी नेली तर विक्रेता नाही म्हणू शकतो, पण पंधरा रुपयांच्या दुधाच्या पिशवीला दहाचं एक आणि पाचचं एक नाणं ही रक्कम मर्यादेच्या कितीतरी आत आहे. इतकं स्पष्ट असूनही दुकानदाराच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद उरतो. वैध चलन म्हणजे देणं फेडण्याचं साधन. देणंच झालेलं नसेल तर फेडायचं काय? मिसळ खाऊन झाल्यावर पैसे द्यायची वेळ आली की देणं झालेलं असतं, तिथे मालक नाणं नाकारू शकत नाही. पण साखरेची पुडी अजून काउंटरच्या आतल्या बाजूला आहे, विक्री व्हायची आहे, तेव्हा कोणत्या अटीवर विकायचं हे ठरवण्याची मुभा दुकानदाराला आहे, करार दोघांच्या मर्जीनेच होतो, असं हा युक्तिवाद म्हणतो. बँक ऑफ इंग्लंड आणि अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह आपापल्या देशातल्या दुकानांबद्दल साधारण हेच सांगतात. मी हा युक्तिवाद खोडायला बसलेलो नाही. तो मान्य करूनही प्रश्न संपत नाही, एवढंच म्हणायचं आहे. विक्री नाकारण्याची मुभा असणं आणि नाकारणं योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुष्काळात धान्य कोंडून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडेही पूर्वी कायद्याची मुभा असायची.

रिझर्व्ह बँकेच्या त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, 28 वं, त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. नोटेवर गव्हर्नरच्या सहीने धारकाला अमुक रुपये अदा करण्याचं वचन छापलेलं असतं. 28 वं कलम सांगतं की नोट हरवली, चोरीला गेली, फाटली किंवा अपुरी झाली तर तिची किंमत वसूल करण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र बँक नियम करून, केवळ कृपा म्हणून, ती परत देऊ शकते. कृपा हा शब्द माझ्या पदरचा नाही, इंग्रजी कायद्यात तोच आहे. म्हणजे अखंड नोट हा हक्क आणि फाटकी नोट हा अनुग्रह. कर्माने मिळतं ते आणि देवाच्या मर्जीने मिळतं ते, हा फरक भक्तिमार्गाने शतकानुशतकं घोळवला आहे, आणि तो एका अर्थविषयक कायद्यात असा अचानक भेटतो तेव्हा थोडी गंमत वाटते. पण त्यामागचं कारण रुक्ष आहे. नोट जळाली असं सांगून कोणीही पैसे मागू लागला तर बँकेने काय करायचं? देहाशिवाय वचन ओळखता येत नाही. नाण्यावर तर वचन मुळातच छापलेलं नसतं, अशोकस्तंभाचं शीर्ष, सत्यमेव जयते, देशाचं नाव आणि आकडा, इतकंच. एक रुपयाच्या नोटेवरही वचन नसतं, कारण ती रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं. तरीही रुपया रुपयाच असतो. वचन छापलेलं असो वा नसो, मोल त्या धातूतून किंवा कागदातून येत नाही.

फाटक्या नोटेच्या परताव्याचे नियम 2009 चे आहेत, 2018 मध्ये सुधारलेले, आणि ते वाचताना न्यायशास्त्र वाचत असल्याचा भास होतो. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ नोटेच्या निम्म्याहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, नसेल तर काहीच नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे, 40 हून कमी असेल तर शून्य. पाचशेची नोट 66 मिलिमीटर रुंद आणि 150 मिलिमीटर लांब, म्हणजे 99 चौरस सेंटिमीटर. तिचा 40 चौरस सेंटिमीटरचा तुकडा अडीचशे रुपयांचा आणि त्याहून बोटभर लहान तुकडा रद्दीचा. न्याय-वैशेषिकांनी कापडाबद्दल हाच प्रश्न विचारला होता: वस्त्रातून काही धागे काढले तर तेच वस्त्र उरतं का? त्यांचं उत्तर असं की अवयव गेले की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांतून एक नवं, लहान वस्त्र जन्माला येतं, त्याला त्यांनी खंडपट म्हटलं. बौद्ध त्यांना हसले, कारण त्यांच्या मते धाग्यांपलीकडे वस्त्र नावाचं काही नव्हतंच. रिझर्व्ह बँक या दोघांचंही ऐकत नाही. तिच्या लेखी 85 टक्के उरलेली नोट ही नवी लहान नोट नाही, तीच जुनी नोट आहे, पूर्ण मोलाची. आणि 30 टक्के उरलेला तुकडा कागद म्हणून पूर्ण अस्तित्वात असूनही नोट म्हणून नाही. यातली मेख लक्षात घ्यायला हवी. या टक्केवारीला देहाच्या पावित्र्याशी काही देणंघेणं नाही, एका वचनाची वसुली दोनदा होऊ नये एवढीच तिची चिंता आहे. निम्म्याहून मोठे दोन तुकडे एका नोटेतून निघू शकत नाहीत, म्हणून लहान नोटेला ती सीमा. मोठ्या नोटेचे 40 टक्क्यांचे दोनच तुकडे निघतात, दोघांना निम्मे निम्मे दिले की हिशेब एका नोटेचाच राहतो. हा नियम शहाणा आहे, पूर्ण न्याय्य नाही. नोटेचे 70 आणि 30 टक्क्यांचे दोन्ही तुकडे ज्याच्या हातात आहेत त्यालाही निम्मेच मिळतात. पण एवढं त्यातून सिद्ध होतं की ज्याने वचन दिलं तोच म्हणतो आहे, कागद थोडा गेला तरी माझा शब्द गेला नाही. मग मधोमध घडीवर चिरलेली, दोन्ही बाजू शाबूत असलेली पन्नासची नोट ‘चालत नाही’ म्हणणारा दुकानदार वचन देणाऱ्याहूनही कडक होतो आहे, आणि तेही दुसऱ्याच्या वचनाबाबत.

यावर कोणी म्हणेल की व्यापाऱ्याने पैसा पारखून घ्यावा हा तर आपल्याकडचा जुना धर्म आहे. नाणं वाजवून घ्यायचं, कसाला लावायचं, मग पेटीत टाकायचं. खरं आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाळी असे कितीतरी रुपये एकाच पेठेत चालत, प्रत्येकाचा चांदीचा कस वेगळा, झीज वेगळी, आणि सराफ त्यावर बट्टा लावत. पारखायला पोतदार होते. त्या व्यवस्थेत झिजलेला रुपया कमी किमतीत घेणं ही लबाडी नव्हती, कारण मोल खरोखरच चांदीत होतं आणि चांदी खरोखरच कमी झालेली होती. कंपनी सरकारने 1835 मध्ये 180 ग्रेनचा एकच रुपया सगळ्या मुलखाला लावला आणि बट्ट्याचा आधार हळूहळू काढून घेतला. पुढे रुपयातली चांदीही गेली. आज दहाच्या नाण्यात मोल म्हणावं असं काही धातूचं नाही, त्यामुळे ते ‘पारखून’ नाकारण्याला जुन्या पारखीचा आधार घेता येत नाही. आणि मुळात जुनी पारखही एकतर्फी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रूपदर्शक म्हणजे नाण्यांचा सरकारी परीक्षक येतो. जे चलन निर्दोष आहे त्याला दोषी ठरवलं किंवा दोषी चलनाला निर्दोष ठरवलं, तर त्याला 12 पणांचा दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृती आणखी कडक आहे. खऱ्या नाण्याला खोटं म्हणणारा आणि खोट्याला खरं म्हणणारा परीक्षक, दोघांनाही उत्तम साहस, म्हणजे दंडांतला सर्वांत वरचा. बाराव्या शतकाच्या सुमारास आपल्या सीमेलगतच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती याच स्मृतीवर. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते एकाच श्वासात दोन्ही गुन्हे सांगणं. बनावट नोट चालवणं वाईट हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. चांगल्या नाण्याला वाईट म्हणणं हाही तितकाच मोठा अपराध आहे, ही गोष्ट धर्मशास्त्राला ठाऊक होती, आपण विसरलो. त्या काळी हा अपराध परीक्षक नावाच्या एका अधिकाऱ्यापुरता मर्यादित होता. आता प्रत्येक गल्ल्यामागे एक परीक्षक बसला आहे, आणि दंड कोणालाच नाही.

या अपराधाचं स्वरूप चोरीसारखं नाही. चोरीत एकाचं जातं आणि दुसऱ्याला मिळतं. इथे दुकानदाराला काही मिळत नाही, उलट एक गिऱ्हाईक जातं. जातो तो त्या नाण्यावरचा लोकांचा विश्वास, तोही एकेक कण. सकाळी एका दुकानात परत आलेलं दहाचं नाणं घेऊन माणूस दुपारी दुसऱ्या दुकानात जातो तेव्हा आधीच बिचकत पुढे करतो, आणि त्याचं बिचकणं पाहून दुसरा दुकानदार सावध होतो. संध्याकाळपर्यंत रिक्षावाला, भाजीवाली, पानटपरीवाला यांनी ठरवलेलं असतं की आपणही घ्यायचं नाही. नाणं कुठल्याही सरकारी आदेशाने बंद झालेलं नसतं, तरी त्या पेठेत ते बंद होतं. अफवा खरी नव्हती, पण मानणाऱ्यांनी ती खरी करून दाखवली. त्यामुळेच दुकानदाराचं नेहमीचं उत्तर, “मी घेतो हो, पण माझ्याकडून कोणी घेत नाही,” हे ऐकून त्याला खोटारडा म्हणता येत नाही. त्याचं विधान अक्षरशः खरं आहे. अडचण एवढीच की ते खरं ठेवण्यात त्याचाही हात आहे, आणि पुढच्या दुकानदाराला तेच वाक्य म्हणायचा आधार तो पुरवतो आहे.

मग एकट्या दुकानदाराने तोटा का सोसावा? हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देणं बरोबर नाही. सगळे नाकारत असताना एकाने घेणं म्हणजे सगळ्यांच्या अविश्वासाचं ओझं त्याने एकट्याने वाहणं, आणि नीतीने माणसाकडून शहीद होण्याची अपेक्षा करू नये. पण ही साखळी अखंड नाही, तिला एक दार आहे: बँक. मळक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत, तिथे खातं नसलं तरी, दिवसाला 20 नगांपर्यंत आणि 5000 रुपयांपर्यंत विनामूल्य बदलून मिळायला हव्यात, फाटक्या नोटांचे दावेही शाखांनी घ्यायचे आहेत आणि नाणी नाकारायची नाहीत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. म्हणून ‘माझ्याकडून कोणी घेत नाही’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखं शोभत नाही. ज्या दुकानदाराचं चालू खातं आहे, ज्याचा मुलगा किंवा नोकर दर दोन दिवसांनी भरणा करायला जातो, त्याच्यासाठी नाण्यांची पिशवी हे अर्ध्या तासाचं काम आहे. भाजीवाल्या बाईसाठी तेच काम म्हणजे हातगाडी कोणाच्या तरी भरवशावर सोडून बँकेत रांग लावणं, काउंटरवरच्या माणसाचा चेहरा वाचणं, आणि बहुधा त्या दिवसाची निम्मी कमाई घालवणं. नकार नेहमी खालच्या दिशेने वाहतो. दुकानदार नाकारतो तेव्हा नोट ज्याच्याकडे राहते तो बहुतेक वेळा बँकेपासून सर्वांत दूर असलेला माणूस असतो. मुंबईच्या जुन्या बाजारांत ‘फाटक्या नोटा बदलून मिळतील’ अशा पाट्या लावून बसणारे लोक यावरच जगतात. शंभरची नोट ते कमी पैशांत घेतात, बँकेतून पुरे पैसे मिळवतात, आणि मधला फरक हा खरं तर त्या गरीब माणसाच्या वेळेचा आणि संकोचाचा बट्टा असतो. 1835 ने जो बट्टा बाजारातून काढला तो असा मागच्या दाराने परत आला. म्हणून माझं म्हणणं समान कर्तव्याचं नाही, क्रमाचं आहे: चलनातला दोष ज्याला सर्वांत कमी कष्टात दूर करता येतो त्याने तो आधी स्वीकारावा. दानधर्माच्या भाषेत सांगायचं तर ही दुकानदाराने केलेली मेहेरबानी नाही. ज्या अखंड चलनाच्या भरवशावर तो रोज गल्ला भरतो, त्या भरवशाचा थोडा भार उचलणं हे त्याचं देणं आहे.

या क्रमाची सर्वांत विनोदी बाजू सुट्ट्या पैशांच्या वेळी दिसते. दहाचं नाणं न घेणारा दुकानदार दोन रुपये परत द्यायचे असले की “सुट्टे नाहीत” म्हणून दोन चॉकलेटं हातात ठेवतो. म्हणजे सरकारचं नाणं नाकारून तो स्वतःचं नाणं काढतो, एकाच दिशेने चालणारं. पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाने तीच चॉकलेटं पैशांऐवजी पुढे केली तर तो घेईल का, हे कोणी विचारून पाहत नाही. डिजिटल पैशाने हा सगळा वादच संपवला असंही म्हणतात. भाजीच्या हातगाडीवर क्यूआर कोड आहे, मग फाटक्या नोटेचं रडगाणं कशाला? पण नोटाबंदीच्या आधी चलनात होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट मूल्याच्या नोटा, सुमारे 34.8 लाख कोटी रुपयांच्या, मार्च 2024 अखेर चलनात होत्या. रोख आटलेली नाही. आटला आहे तो रोख नाकारताना वाटणारा संकोच, कारण “फोनवरून करा ना” हे आता सभ्य उत्तर झालं आहे, आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याचा अपमान त्या सभ्यतेत नीट झाकला जातो.

दुकानदाराच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी आणि ती मला सर्वांत जड वाटते. शब्दच जर मुळात पक्का नसेल तर? 25 पैशांचं आणि त्याखालचं नाणं 30 जून 2011 पासून गेलं. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, चलनातल्या मूल्याचा 86 टक्के भाग. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2023 ला चार विरुद्ध एक अशा निकालाने तो निर्णय वैध ठरवला, न्या. नागरत्ना यांनी असहमती नोंदवली. त्याच वर्षी मे महिन्यात दोन हजारची नोट माघारी घेतली, वैध चलन राहीलच असं सांगत. ज्या माणसाने हे सगळं पाहिलं त्याने ‘दहाचं नाणं बंद होणार’ या कुजबुजीवर विश्वास ठेवला तर त्याला मूर्ख म्हणणं अन्याय आहे. अफवेला सुपीक जमीन कोणी केली, हे उघड आहे. तरी एक फरक उरतो. सरकारने नोटा बंद केल्या तेव्हा निदान जाहीर केलं, मुदत दिली, बदलून घ्यायची जागा सांगितली. ती मुदत अपुरी होती, रांगा अमानुष होत्या, हे सारं मान्य. पण बाजार एखादं नाणं बंद करतो तेव्हा घोषणा नसते, मुदत नसते, खिडकी नसते. ज्याच्या खिशात त्या क्षणी नाणं आहे त्याच्यावर सगळा तोटा कोसळतो, आणि त्याला दाद मागायला कोणीही समोर नसतं.

देणाऱ्याची बाजूही स्वच्छ नाही, आणि हे लिहिलं नाही तर दुकानदारावर अन्याय होईल. फाटकी नोट गड्डीच्या मधे घालून खपवणं, अंधार पडल्यावर रिक्षावाल्याला देणं, घाईत असलेल्या कंडक्टरच्या हातात कोंबणं हे आपण हुशारी समजतो. इस्लामी धर्मचिंतक गझालीने ‘इह्या उलूम अद-दीन’मध्ये व्यापाराच्या प्रकरणात खोट्या दिरहमाबद्दल एक मत नोंदवलं आहे. एक वाईट दिरहम खर्चणं शंभर दिरहम चोरण्याहून वाईट, कारण चोरी एकदाच होते आणि ते नाणं हातोहात फिरत राहतं. ते सरळ विहिरीत टाकून द्यावं असा त्याचा सल्ला. गझाली बनावट नाण्याबद्दल बोलतो, फाटक्या नोटेबद्दल नाही, आणि फाटकी नोट विहिरीत टाकायची गरज नाही, ती बँकेत न्यायची. पण लपवून पुढे सरकवण्यातलं पाप तेच आहे. आपला दोष अनोळखी माणसाच्या गळ्यात अडकवून निघून जाणं. त्यातही सर्वांत कडवट प्रकार देवळात होतो. दुकानात न चाललेली नोट दानपेटीत जाते, भिकाऱ्याच्या ताटलीत जाते. कठोपनिषदाची सुरुवातच अशा दानाने होते: नचिकेताचा बाप ज्या गाई दान करतो त्यांनी शेवटचं पाणी पिऊन झालेलं आहे, शेवटचं गवत खाऊन झालेलं आहे, दूध आटलेलं आहे. मुलाला ते खटकतं आणि तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? सारं उपनिषद त्या अस्वस्थतेतून उभं राहतं. देवाच्या पेटीत नोट घालणारा फसवतो मात्र देवाला नाही. पेटी उघडणारे कर्मचारी, मोजदाद करणारे स्वयंसेवक आणि शेवटी बँकेचा कारकून, ओझं त्यांच्यावर येतं. नाण्यांचं तर आणखी मोठं. 2023 मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची अडचण बातम्यांत आली होती. भक्तांनी वाहिलेली नाणी इतकी साचली की ती ठेवायला बँकांकडे जागा उरली नव्हती.

आणि इथे माझ्या क्रमालाही मर्यादा येते. दुकानदाराने आधी घ्यावं, कारण त्याच्यामागे बँक आहे, असं मी म्हणालो. ते तेवढ्यापुरतंच खरं, जोवर बँक खरंच उभी आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या भरून शाखेत गेलेल्या माणसाला “आज कॅशियर नाही”, “तिजोरीत जागा नाही”, “सोमवारी या” असं सांगितलं जात असेल, चिकटवलेल्या नोटेसाठी त्याला तीन खेपा घालाव्या लागत असतील, तर चौथ्या वेळी त्याने गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात दोष त्याचा राहत नाही. तो वरच्या पायरीवर सरकतो. बँकेच्या शाखेचंही तेच: नाण्यांची उचल करणारी मोठी तिजोरी-शाखा आणि तिच्याही वर रिझर्व्ह बँक यांनी वेळेवर हात दिला नाही तर शाखेचा नकारही समजण्यासारखा होतो. 28 व्या कलमातली कृपा मला खटकते ती यासाठीच. खालच्या प्रत्येक हाताला आपण देणं मानायला सांगतो आहोत, आणि ज्याने पहिला शब्द दिला त्याच्यासाठी तेच मर्जीचं काम लिहून ठेवलं आहे. वचन छापणाऱ्याने फाटक्या नोटेचा परतावा हक्क म्हणून लिहायला हवा. टक्केवारी आणि दुहेरी वसुलीची भीती यांची व्यवस्था नियमांत आहेच, तिला धक्का न लावता ते करता येईल. तोवर दहाचं नाणं परत करणाऱ्या दुकानदाराशी वाद घालताना त्याचं एक म्हणणं आपल्याला निरुत्तर ऐकून घ्यावं लागेल: “साहेब, वरचे घेतात का बघा आधी.”